नोकरीसाठी केस काळे करू का?

पांढरपेशा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४९. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये २६ वर्षं झाली. फेब्रुवारीत कंपनीने आमची अख्खी टीमच गुंडाळली त्यात मीही गेलो. तेव्हापासून मुलाखती चालू आहेत. टेक्निकल राउंड चांगले होतात, फोनवर मंडळी खूश असतात, मग पुढच्या राउंडला कॅमेरा चालू करा म्हणतात आणि त्यानंतर सगळं सामसूम. असं चार वेळा झालं. परवा एका कन्सल्टन्सीतली मुलगी बोलता बोलता म्हणाली, "सर रागवू नका, पण केस रंगवा आणि मिशी काढा, दहा वर्षांनी लहान दिसाल."

माझे केस तिशीतच पिकले, घराण्यातच आहे ते, आता तर डोक्यावर निव्वळ कापूस. बायको म्हणते रंगव की, त्यात काय एवढं. मुलगी बारावीत आहे, ती म्हणते बाबा प्लीज नको. तत्त्वबित्त्व काही नाही हो, घराचा हप्ता आहे. पण २६ वर्षं केलेल्या कामाची किंमत डोक्यावरून ठरणार असेल तर कुठेतरी खटकतं.

तुमच्यापैकी कोणी नोकरीसाठी दिसण्यात काही बदल केलाय का? आणि केला असेल तर पुढे काय झालं?

कसारा_लोकल
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

मिशीवाला
केसांचं काय करायचं ते करा. मिशी काढू नका.

खमंग_काकडी
आयडी आणि विषय दोन्ही एकत्र वाचून फुटले :) रंगवा हो बिनधास्त. आम्ही बायका कॉलेज संपल्यापासून रंगवतोय, आम्हाला कोणी धागे काढू देत नाही.

कोल्हापुरी_रस्सा
मिशीवरून आठवलं. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय. पहिल्याच आठवड्यात सरांनी ओळीत उभं केलं, नखं बघितली, बूट बघितले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले उद्या हे नाही दिसलं पाहिजे. हे म्हणजे मिशी. तेव्हा मोठ्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला आणि सर्व्हिसला गुळगुळीत दाढी नि मिशी साफ हाच नियम होता. काढली. मला स्वतःला काही वाटलं नाही, एकोणीस वर्षांचं वय, होती तरी किती.

दिवाळीला गावी गेलो. एसटीतून उतरलो तर पारावरचे दोघं उठूनच उभे राहिले, "कोण गेलं रे?" म्हणून. आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप तिकडे मळ्यात ऊस तोडणीच्या टोळीशी भांडत होता चांगला धडधाकट. आजी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिला काय सांगणार ग्रूमिंग स्टँडर्ड.

आता स्वतः एका हॉटेलात मॅनेजर आहे (सोलापूर रोडला), आमची पोरं दाढ्या ठेवतात, नीट कोरलेली असली की झालं. कोणी गिऱ्हाईक दाढी बघून उठून गेलेलं नाही अजून.

मिशीवाला
@कोल्हापुरी_रस्सा आता परत ठेवली का?

कोल्हापुरी_रस्सा
ठेवलीय. आजी गेली पण.

अनघा_ना
मी गेली १२ वर्षं एचआरमध्ये आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

पांढरपेशा, केस पांढरे म्हणून कोणी नापास करत नाही. केस बघून समोरच्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. याचा आधीचा पगार किती असेल, आमच्या बजेटात बसेल का, बत्तीस वर्षांच्या मॅनेजरच्या हाताखाली हा माणूस नीट काम करेल का की उठसूट "आमच्या वेळी" सांगेल. हा हिशेब तुमचा सीव्ही बघूनही होतोच, चेहरा दिसला की पक्का होतो इतकंच. त्यामुळे नुसते केस काळे करून फरक पडेलच असं नाही.

सीव्हीतली पहिली दहा वर्षं काढा. पदवीचं साल काढा. दोन पानांच्या वर जाऊ नका. आणि पगाराचं स्वतःहून लवकर बोला.

टेकाडे
म्हणजे अनघाताई, केस रंगवून खोटं बोलू नका, सीव्हीत बोला असंच ना? :)

आणि फोनवर सगळं होत असताना हा कॅमेरा हवाच कशाला?

अनघा_ना
टेकाडे, पदवीचं साल न लिहिणं म्हणजे खोटं नव्हे, विचारलं तर सांगायचंच. कॅमेरा हवा कारण एकाच्या नावावर दुसराच मुलाखत देतो. माझ्यासमोर झालंय, मुलाखतीला एक आणि जॉइनिंगला भलताच, आणि वर म्हणतो मॅडम मी बारीक झालो. कॅमेरा त्यासाठी आला, चेहरे निवडायला नाही. पण एकदा आल्यावर काय होतं ते मी नाकारत नाही.

बे_एरिया_बंडू
इकडे अमेरिकेत १९६७ पासून कायदा आहे, चाळिशीच्या वरच्या माणसाला वयावरून डावलता येत नाही. तरी आमच्या इथे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात केस रंगवणारे चांगले चांगले लोक मी बघितलेत. कायदा कोर्टात चालतो हो, समोरच्याच्या मनात काय आलं ते सिद्ध कसं करणार.

यावर अर्थशास्त्रज्ञांनी कामही केलंय. हॅमरमेश आणि बिडल यांचा १९९४ चा पेपर प्रसिद्ध आहे, दिसायला साध्या समजल्या जाणाऱ्या लोकांना सरासरी दिसणाऱ्यांपेक्षा पाच ते दहा टक्के कमी पगार मिळतो असं त्यात निघालं. आणि हे पुरुषांनाही लागू होतं.

खमंग_काकडी
पाच ते दहा टक्के? मग तर रंगाचं पाकीट स्वस्तच पडलं की.

काळा_डगला
कायद्याचा विषय निघालाय म्हणून थोडं. आपल्याकडे खाजगी कंपनीने दिसण्यावरून नाकारलं तर दाद मागायला सरसकट असा कायदा नाही. घटनेची १४ ते १६ कलमं सरकारी नोकरीला लागतात. अपंगत्व असेल तर २०१६ चा कायदा आहे, त्यात ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्यांचाही समावेश केलाय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सरकारी नोकरीतही सगळं मिळतंच असं नाही. १९८१ चा नर्गेश मिर्झा खटला बघा, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा. पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपायची त्यांची! ते कलम सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, पण नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न करायचं नाही ही अट मात्र तशीच राहू दिली. आणि २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका जवानाच्या दाढीचा निकाल आला, तिथेही कोर्टाने शिस्तीच्या बाजूनेच कौल दिला.

टेकाडे
एअर इंडियावरून आठवलं, २०२२ मध्ये त्यांच्या ग्रूमिंगच्या नियमांच्या बातम्या आल्या होत्या सगळीकडे. पांढरे केस नियमित रंगवायचे, आणि पुरुषांना टक्कल पडायला लागलं असेल तर सरळ तुळतुळीत डोकं करायचं. पांढरपेशा, तुम्हाला केस तरी आहेत. आमच्यासारख्यांनी कुठे जायचं.

सुलू
टकलावर गॉगल ठेवायचा आणि दुबईला जायचं :D

फौजी_साताऱ्याचा
आमच्या भागातली गोष्ट वेगळी आहे. इथं पोरं भरतीसाठी सगळंच बदलायला तयार असतात. पोलीस भरतीला उंची १६५ सेंटिमीटर लागते पुरुषांना, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. अर्ध्या पाऊण सेंटिमीटरसाठी पोरं सकाळ संध्याकाळ बारला लोंबकळतात, मापाच्या दिवशी मैदानापर्यंत गाडीत आडवं पडून येतात कारण दिवसभर उभं राहिलं की माणूस थोडा दबतो. हसू नका, सकाळी आणि संध्याकाळी मोजून बघा स्वतःला.

पण खरं रडू टॅटूचं आहे. यात्रेत वीस मिनिटांत गोंदून घेतात, दंडावर नाहीतर मानेवर. सैन्यात टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. बाकी कुठेही असला की मेडिकलला बाहेर. माझ्या अकॅडमीत एक पोरगा होता, १६०० मीटर सगळ्यांच्या पुढे, दंडावर मैत्रिणीचं नाव. लेझरला गेला साताऱ्यात. चार सिटिंग झाली, प्रत्येक वेळेला मध्ये महिना दीड महिना थांबायचं, बापाने दोन शेळ्या विकल्या. नाव फिकट झालं पण गेलं नाही, आणि तोपर्यंत वय निघून गेलं.

मैत्रीण पण गेली म्हणा.

नाशिकचा_मामा
अरेरे. म्हणून गोंदायचं तर आईचं नाव गोंदावं, आणि तेही आतल्या बाजूला.

निवृत्त_हेडबाई
मी ३४ वर्षं शिक्षिका होते, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका. १९८१ साली मुलाखतीला गेले तेव्हा माझा बॉबकट होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, मार्क चांगले आहेत, केस वाढवा आणि जूनमध्ये या. जूनपर्यंत केस कितीसे वाढणार? वहिनीने गंगावन म्हणजे खोटे केस लावून दिले. पहिले सहा महिने मी गंगावनाचा अंबाडा घालून भूमिती शिकवली. एकदा फळ्याकडे वळताना ते सुटून टेबलावर पडलं. वर्ग एवढा शांत झालेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही.

पुढे मी स्वतः मुलाखती घ्यायला लागले तेव्हा उमेदवाराला आधी फळ्यावर चार ओळी लिहायला सांगायचे. पण प्रामाणिकपणे सांगते, चुरगळलेला शर्ट दिसला की मन आधीच खट्टू व्हायचं. २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासनाचं पत्रक निघालं, जीन्स टीशर्ट नको, शर्ट खोचलेला हवा वगैरे. माझे जुने सहकारी चिडले होते. मला चूक काही वाटलं नाही. कपडे संध्याकाळी बदलता येतात.

पांढरपेशा, रंगवून टाका. नोकरी लागली की सोडून द्या. माझं गंगावन अजून पेटीत आहे.

रानजाई
हेडबाई, कपडे बदलता येतात हे खरं, गंगावनही काढता येतं. सगळ्यांचं तसं नसतं म्हणून लिहिते. इथे पहिल्यांदाच लिहितेय हे.

मला कोड आहे. ओठांच्या कडेला थोडं आणि दोन्ही हातांवर. बीकॉम झाल्यावर एका पतसंस्थेत मुलाखत होती, मावशीने डाग झाकायचं कॅमोफ्लाज क्रीम आणून दिलं, ते लावून गेले. नोकरी लागली, आणि लागली ती काउंटरवर. म्हणजे रोज सकाळी हात आणि ओठ मिळून पाऊण तास. चेहऱ्याचं टिकायचं, बोटांचं टिकत नाही. नोटा मोजायला ओला स्पंज असतो ना, चौथ्या पाचव्या बंडलाला बोटांवरचा रंग उतरून नोटांना लागायचा. मी दर तासाला बाथरूममध्ये. मॅनेजरला वाटायचं कामचुकार आहे.

दोन वर्षं काढली अशी. एका पावसाळ्यात स्कूटीवरून पोचेपर्यंत सगळं धुवून निघालं, डबी घरीच राहिली होती. तशीच बसले. एका आजोबांनी पैसे घेताना हात मागे घेतला, बाकी कोणी काही बोललं नाही. दुपारी मॅनेजर म्हणाले "आधी सांगायचं ना, उद्यापासून आत लेजरला बसा." रागावून नाही, अगदी मायेने म्हणाले. ते मायेने बोललेलंच जास्त लागलं.

सोडली ती नोकरी. पुढच्या मुलाखतींना काही न लावता गेले. तीन ठिकाणी "कळवतो" झालं, चौथ्या ठिकाणी घेतलं, पगार पहिल्यापेक्षा दीड हजारांनी कमी. तिथेच आहे अजून. त्यामुळे न लावता गेलात की सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. पाऊण तास झोप जास्त मिळते, एवढं नक्की.

सुलू
रानजाई ❤️ काय लिहू कळत नाही.

अनघा_ना
रानजाई, वाचून थांबले. माझ्या वरच्या प्रतिसादातला "कोणी नापास करत नाही" हा भाग मागे घेते.

बे_एरिया_बंडू
अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांनी १९७०-८० च्या सुमारास वादकांची निवड पडद्याआड घ्यायला सुरुवात केली होती, कोण वाजवतंय ते दिसायचंच नाही. पुढे गोल्डिन आणि राउझ यांनी त्यावर अभ्यास केला (गोल्डिनबाईंना २०२३ चं नोबेल मिळालं), पडद्यामुळे बायकांचं प्रमाण वाढलं असा निष्कर्ष होता. अर्थात त्या आकडेवारीवर वादही झालेत. पण कल्पना काही वाईट नाही.

टेकाडे
बंडूशेठ, पांढरपेशांचा फोनचा राउंड म्हणजे पडदाच होता की. पडदा उघडल्यावर घोटाळा झाला. पतसंस्थेत काउंटरवर पडदा लावून माणूस बसवणार आहात का?

पणजीकार
पडदा नाय तर काच तरी लाव रे :) गोव्यात हॉटेलांत उलट चाललंय आता, टॅटू आणि लांब केस असले तर बारवाले आधी घेतात, फिरंगी गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून. माझा भाचा केस वाढवतोय सध्या नोकरीसाठी.

वडगावकर
मूळ विषयाकडे. पांढरपेशा, रंगवणार असाल तर आधी हे वाचा. मी मुलाच्या लग्नाआधी घाईत रंगवले, दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद. सगळ्या फोटोंत गॉगल लावून उभा आहे, व्याही समजले फार शौकीन माणूस दिसतो. काळ्या डायमध्ये पीपीडी म्हणून रसायन असतं, काहींना त्याची ॲलर्जी असते. पाकिटावर लिहिलेलं असतं, कानामागे नाहीतर कोपराच्या आत थोडं लावून ४८ तास थांबा, पण वाचतं कोण. आणि "काळी मेंदी" म्हणून जी मिळते तिच्यातही बहुतेक वेळा तेच असतं. नैसर्गिक वगैरे काही नाही.

खमंग_काकडी
खरंय. नुसती मेंदी पांढऱ्या केसांवर लावली तर केशरी होतात, भगवा झेंडा दिसतो. आधी मेंदी, ती धुवून मग इंडिगो म्हणजे निळीच्या पानांची पूड, तर काळे होतात. रविवार जातो पूर्ण. पण एवढ्या कापसाला पहिल्यांदाच एकदम काळं करू नका, तपकिरी करा. एकदम काळं केलं की विग वाटतो.

मिशीवाला
मिशीला पीपीडी चालत नाही. सांगून ठेवतो.

कसारा_लोकल
तीन दिवसांनी आलो, रुमाल कोणीतरी उचलला. मला लिहायचं होतं ते हेडबाईंनी लिहिलं. माझ्या आजोबांच्या वेळी धोतरावर कोट आणि डोक्याला टोपी असल्याशिवाय कचेरीत उभं करत नसत. त्यांनी आयुष्यभर टोपी घातली आणि रिटायर झाले त्या संध्याकाळी कल्याण स्टेशनवर काढून पिशवीत ठेवली, परत कधी घातली नाही. आजीला विचारलं तर म्हणायची, मला वाटायचं त्यांना आवडते टोपी.

पांढरपेशा
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रानजाईताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

अपडेट देतो. वडगावकरांनी घाबरवल्यामुळे आधी कानामागे लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी लाल झालं आणि खाज सुटली. म्हणजे प्रश्न परस्परच मिटला. तपकिरी रंगाचं पाकीट आणलं होतं ते बायकोने वापरलं, तिला छान दिसतंय. मी आमच्या न्हाव्याकडून केस एकदम बारीक करून घेतले, तेवढाच कापूस कमी दिसतो.

अनघाताईंचं ऐकून सीव्ही मात्र कापायला बसलो. आणि गंमत म्हणजे केसांना हात लावताना जेवढं वाटलं नव्हतं तेवढं तिथे वाटलं. माझी पहिली नोकरी १९९९ ची, वायटूकेचं टेस्टिंग, म्हणजे २००० साल लागलं की कॉम्प्युटर तारखांत गोंधळतील अशी भीती होती त्याचं. ३१ डिसेंबरची रात्र ऑफिसात काढली होती आम्ही, बाराला सगळे घड्याळाकडे बघत उभे, काही म्हणजे काही झालं नाही. कोणी विचारत नाही आता त्याबद्दल, उपयोगही शून्य. तरी ती ओळ डिलीट करायला अर्धा तास लागला. केली शेवटी. सीव्हीप्रमाणे माझा जन्म आता साधारण २००९ मध्ये झालाय.

परवा एक मुलाखत झाली, कॅमेरा चालू ठेवून. मॅनेजर चौतिशीचा असेल. तिसऱ्या मिनिटाला मीच पगाराचं बोललो, आधीपेक्षा कमी आकडा सांगितला. त्यानंतर तो खुर्चीत जरा मागे टेकला आणि मग पाऊण तास चांगलं बोलला. केसांकडे बघत होता की नाही मला खरंच कळलं नाही, नेटवर्क खराब होतं. निकाल अजून नाही.

अनघा_ना
आकडा किती खाली आणलात? इथे नको, मेसेजमध्ये सांगा. माझ्या माहितीत एक जागा आहे, पुण्यातच.

मिशीवाला
मिशी?

पांढरपेशा
आहे.

सुलू
खमंग_काकडी, ते इंडिगो किती वेळ ठेवायचं? आणि लोखंडी कढईतच भिजवायचं का?